प्रश्न तुमचे: हाताखालच्या माणसांना नाही म्हणताना

या महिन्याच्या पत्रांत सुपरवायझर, टीम लीड, शाखाधिकारी आणि छोट्या कारखान्यांचे मालक अशा बऱ्याच जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच अडचण मांडली आहे. मागणी मान्य करता येत नाही आणि नाकारली की माणूस मनातून तुटतो. उत्तरं ज्याच्या त्याच्या परिस्थितीनुसार दिली आहेत. पहिलं पत्र सविस्तर घेतलं, कारण दरवर्षी पावसाळा सरत आला की हा प्रश्न शेकडो कारखान्यांत उभा राहतो.

प्रश्न: तळोज्याच्या एका कारखान्यात पॅकिंग लाइनचा सुपरवायझर आहे. दोन पाळ्यांत मिळून २२ जण, त्यातले १४ कोकणातले. गणपतीत सगळ्यांनाच आठवडाभर रजा हवी असते. गेल्या वर्षी ९ जणांना दिली, ५ जणांना नाही म्हटलं. त्या पाचातले तिघे 'आजारी' पडले आणि उरलेले दोघे अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. या वर्षी काय करू?

नकार कसा द्यायचा हे ठरवण्याआधी तो किती जणांना द्यावा लागणार, याचा आकडा काढा. बहुतेक ठिकाणी हा आकडा कोणी मांडतच नाही. 'इतक्या जणांना कशी रजा देणार' म्हणून अंदाजाने नावं खोडली जातात आणि कामगारांना तो अंदाज लगेच कळतो.

तुमच्या लाइनला एका पाळीत कमीत कमी ८ माणसं लागतात असं धरू. दोन पाळ्यांना १६. बावीसातून सोळा गेले, राहिले ६. अचानक गैरहजर राहणाऱ्यासाठी एक राखला तर एका वेळी फक्त ५ जण रजेवर जाऊ शकतात, म्हणजे नऊ जणांना नकार. आता दुसरा हिशेब करा. सणाच्या आठवड्यातले कामाचे सहा दिवस एकच पाळी चालवली तर ८ अधिक २ राखीव, असे १० जण पुरतात आणि १२ जणांना सोडता येतं. नकार उरतो दोघांना. बुडालेल्या सहा पाळ्या म्हणजे ४८ तासांचं काम. ते आधीच्या १८ कामाच्या दिवसांत वाटलं तर रोज २ तास ४० मिनिटं, म्हणजे प्रत्येक पाळीला १ तास २० मिनिटं ओव्हरटाइम. त्याचा दर दुप्पट असल्याने खर्च येणार, आणि तो मंजूर करणं तुमच्या हातात नाही. पण हा हिशेब एका कागदावर घेऊन प्लांट हेडकडे जाणं तुमच्या हातात आहे. त्यांनी नाही म्हटलं तरी कामगारांना 'साहेब आमच्यासाठी जाऊन आले' हे ठाऊक असतं.

माणसं मोजताना कौशल्यही मोजा. श्रिंक मशीनचं सेटिंग येणारे चारच जण असतील तर त्यांची यादी वेगळी ठेवा आणि त्यातले दोघे थांबायलाच हवेत, हे आधीच सांगा. हे न सांगितल्यामुळे दरवर्षी नेमक्या कुशल माणसाला शेवटच्या क्षणी अडवलं जातं. चांगलं काम शिकल्याची शिक्षा मिळाली असं त्याला वाटतं, आणि तसं वाटण्यात त्याचं काही चुकत नाही.

मग तारखा. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. बहुतेक जण शनिवारी, १२ तारखेला निघतील. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे त्या गाडीसाठी १४ जुलैला. तुमचा निर्णय त्याच्या आधी लागलाच पाहिजे. ऑगस्टच्या शेवटी नकार देणं म्हणजे काढलेलं तिकीट, घरी दिलेला शब्द आणि भावाशी ठरवलेली वर्गणी, सगळ्यावर पाणी. राग रजेइतकाच त्या उशिराचा असतो. म्हणून ३० जूनपर्यंत अर्ज, १० जुलैला यादी फलकावर.

अर्जावर एकच जादा रकाना ठेवा: घरचा गणपती किती दिवसांचा? पाच-सात दिवसांचा असेल त्याला पहिल्या खेपेतच, १२ ते १९ सप्टेंबरला, जायला हवं. अकरा दिवसांचा असेल त्याला २० ते २६ सप्टेंबरची दुसरी खेप चालू शकते, विसर्जन सापडतं. या एका माहितीवर एक-दोन नकार आपोआप गळतात. 'तुझी गरज मोठी की त्याची' हे मात्र विचारत बसू नका. कोणाची आई जास्त म्हातारी याचा निवाडा सुपरवायझरने करायचा नसतो.

तरीही नावं जास्त उरली तर क्रम असा लावा. गेल्या वर्षी ज्यांना नकार मिळाला ते सगळ्यात वर, म्हणजे तुमचे ते पाच जण. उरलेल्यांच्या चिठ्ठ्या पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांतली माणसं हजर असताना काढा. फक्त सेवाज्येष्ठता धरली तर तीच तरुण पोरं दरवर्षी अडकतात. 'जो आधी अर्ज देईल त्याला' म्हटलं तर रात्रपाळीवाला मागे पडतो. चिठ्ठीनंतर आपसांत अदलाबदल करायला आठवडा द्या. दोघांच्या सह्या असल्या की तुम्ही मध्ये पडायचं कारण नाही.

ज्यांना नाही म्हणायचं त्यांना ते फलकावरून कळू देऊ नका. यादी लागण्याआधी प्रत्येकाला बाजूला घेऊन पाच मिनिटं बोला. साधारण असं:

'दादा, १२ ते १९ रजा देता येत नाही. लाइनवर दहा जण लागतात आणि चिठ्ठीत तुमचा नंबर तेरावा आला. कोणी रद्द केली तर आधी तुम्हाला विचारणार. २० पासूनची हवी असेल तर आत्ताच मंजूर करतो. पुढच्या वर्षीच्या यादीत तुमचं नाव पहिल्या पाचात लिहून ठेवलंय, हे बघा.'

ते पान खरोखर दाखवा. पुढच्या वर्षी तुमची बदली झालेली असेल, पान राहील.

आणि नकार लेखी द्या. भरपगारी वार्षिक रजेचा अर्ज रीतसर केला आणि ती नाकारली गेली, तर ती रजा पुढच्या वर्षात नेण्यावर ३० दिवसांची मर्यादा लागत नाही, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्यात होती आणि नव्या श्रमसंहितेतही आहे. तोंडी नकार दिला की कामगाराची सण आणि शिल्लक रजा दोन्ही जातात. पुढे कधी हे त्याच्या लक्षात आलं की तुम्ही ते मुद्दाम केलं असंच तो समजेल.

आजारी पडलेल्या तिघांबद्दल: त्यावरून या वर्षी कोणाला क्रमात खाली ढकलू नका. वैद्यकीय दाखला दिला असेल तर विषय संपला. ज्याला सरळ मागून मिळण्याची आशा नसते तो वाकडा मार्ग धरतो. क्रम खुला झाला की असे दाखले किती येतात ते तुम्हालाच दिसेल.

प्रश्न: हिंजवडीत आयटी कंपनीत टीम लीड आहे. टीममधला एक चांगला डेव्हलपर ११ लाखांवर आहे, १५ लाख मागतोय. बाहेरची ऑफर हातात नाही, पण बाजारभाव त्याला माहीत आहे. एप्रिलआधी काही करणं शक्य नाही, आणि एप्रिलमध्येही १५ नाही. तो दुखावणार नाही असं कसं सांगू?

तो दुखावणारच. तुमच्या हातात एवढंच आहे की तो रकमेमुळे दुखावेल, तुमच्यामुळे नाही.

बोलायच्या आधी चार गोष्टी एचआरकडून पक्क्या करून घ्या. त्याच्या पदाचा पगारपट्टा कुठून कुठपर्यंत आहे. त्या पट्ट्यात तो कुठे बसतो. एप्रिलमध्ये जास्तीत जास्त किती टक्के मिळू शकतात. मधल्या काळात वाढ देण्याची कुठली वाट आहे का, आणि असल्यास कोणाच्या सहीने. पट्टा ९ ते १३ लाखांचा असेल तर या पदावर १५ होणारच नाहीत, आणि हे त्याला माहीत असण्याचा त्याला हक्क आहे. पुढचं पद मिळालं तरच १५ शक्य असतील, तर बोलणं पगाराचं उरत नाही, पदाचं होतं.

खोली बंद, अर्धा तास, लॅपटॉप मिटलेला. उत्तर पहिल्या दोन मिनिटांत द्या. पुष्कळ लीड आधी दहा मिनिटं कौतुक करतात, मग नकार, मग पुन्हा कौतुक. ऐकणारा तिसऱ्या मिनिटाला ओळखतो की आता 'पण' येणार, आणि त्यानंतर खरं कौतुकही त्याला खोटं वाटायला लागतं. कामाचं कौतुक करायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या कारणाने करा.

'तू १५ मागितलेस. आत्ता देता येणार नाहीत, आणि एप्रिलमध्येही १५ होणार नाहीत. या पदाचा पट्टा १३ ला संपतो. एप्रिलमध्ये जास्तीत जास्त १२ लाख १० हजारांपर्यंत जाऊ शकतं, तेही मंजुरी आली तर. मला जे माहीत आहे ते सगळं सांगितलं.'

आणि थांबा. इथे माणूस गप्प बसतो, आणि ती शांतता सहन न झाल्याने लीडच्या तोंडून नको ती आश्वासनं निघतात: 'मी बोलतो वर', 'पुढच्या सायकलला नक्की'. या 'नक्की'नेच पुढच्या एप्रिलमध्ये घात होतो. मंजुरी देणारे तुम्ही नसाल तर 'नक्की' म्हणू नका.

'बजेट नाही' हे कारणही सांगू नका, ते अगदी शब्दशः खरं असल्याशिवाय. त्याच महिन्यात त्याच कामासाठी बाहेरून १४ लाखांवर माणूस घेतला असेल तर त्याला ते जेवणाच्या टेबलावर कळतं. नव्या भरतीचा पैसा आणि वाढीचा पैसा वेगवेगळ्या खात्यांतून येत असेल तर तसं स्पष्ट सांगा. ऐकायला वाईट वाटेल, पण खोटं वाटणार नाही.

मग पुढचं पद. 'ओनरशिप वाढव', 'व्हिजिबिलिटी हवी' असलं काही सांगितलंत तर तो वर्षभर धडपडेल आणि शेवटी तुम्ही म्हणाल, अजून थोडं कमी पडलं. अटी तीनच ठेवा आणि दोघांनाही तपासता येतील अशा: पेमेंट मॉड्यूलचं डिझाइन स्वतः लिहून रिव्ह्यूमधून पार करणं, दोन नव्या मुलांना सहा महिने तयार करणं, एका रिलीजची जबाबदारी सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेणं. त्याच दिवशी ईमेलवर पाठवा. खाली हेही लिहा की अटी पूर्ण झाल्यावर तुम्ही पदासाठी नाव पाठवाल, निर्णय समितीचा असेल. दर सहा आठवड्यांनी त्या तीन ओळी उघडून बघायच्या, ती तारीखही आत्ताच कॅलेंडरवर टाका.

तो सोडून गेला तर? कदाचित जाईल. १३ लाखांच्या पट्ट्यात १५ ची किंमत असलेला माणूस कायमचा राहत नाही. पण खोट्या आशेवर थांबलेला माणूस गेला की उरलेल्या टीमला सगळं सांगून जातो.

प्रश्न: कोल्हापूरजवळ लहान मशीन शॉप आहे. चौदा वर्षं असलेले एक टर्नर मुलीच्या लग्नासाठी दीड लाख उचल मागतायत. पगार १८,०००. एवढी रक्कम मला देता येत नाही आणि माणूस तर घरचा. नाही कसं म्हणू?

त्यांच्यासोबत बसून, कागदावर आकडे मांडून. चौदा वर्षांच्या माणसाला आकडे कळतात. 'जमणार नाही मामा, धंदा मंद आहे' एवढंच ऐकवलंत तर ते मालकाच्या दारातली नवी गाडी बघतील.

१८,००० पैकी पीएफचा पगार १५,००० धरला तर पीएफ १,८००, ईएसआय (कामगार विमा) १३५, व्यवसाय कर २००. कपात २,१३५, हातात १५,८६५. एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर नेता येत नाही, म्हणजे उचलीचा हप्ता फार तर ६,८६५. तेवढा कापला तर जवळपास दोन वर्षं घरी महिन्याला ९,००० च येणार. झेपेल असा ३,००० चा हप्ता धरला तर दीड लाख फिटायला ५० महिने. हे दोन आकडे बघून पुष्कळ जण स्वतःच रक्कम कमी करतात. तुम्ही नकार दिला असं तेव्हा राहत नाही, दोघांनी मिळून हिशेब केला असं होतं.

त्यानंतर देता येईल ते ठाम सांगा. समजा ३०,०००, दहा हप्ते, ३,००० चे, पहिला हप्ता लग्नानंतरच्या महिन्यापासून. जोडीला पीएफमधून लग्नासाठी आगाऊ रक्कम काढायची सोय आहे, त्याचा अर्ज करायला तुमचा हिशेबनीस बसवून द्या. तिथे काम अडतं ते बहुधा आधार आणि पीएफ खात्यातल्या नावाच्या किंवा जन्मतारखेच्या फरकाने, जुन्या कामगारांच्या बाबतीत तर हमखास. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून लग्नाच्या तोंडावर नाही, आजच खातं उघडून बघा. नकारासोबत केलेलं हे तासाभराचं काम त्यांच्या लक्षात राहील.

तीन गोष्टी टाळा. हे बोलणं शॉप फ्लोअरवर, लेथ चालू असताना नको, चारचौघांत मागावं लागलं हीच मोठी जखम असते. 'एवढं मोठं लग्न कशाला?' हा सल्ला त्यांनी मागितलेला नाही. आणि गुपचूप दीड लाख देऊन 'कोणाला सांगू नका' म्हणू नका. लहान शॉपमध्ये अशी गोष्ट आठवड्यात फुटते, आणि पुढच्या माणसाला नाही म्हणायला तुमच्याकडे कारण उरत नाही. त्यापेक्षा चार ओळींचा नियम लिहून लावा: किती वर्षांनंतर, जास्तीत जास्त किती पगारांइतकी, एका वेळी एकच, वर्षाला एकूण किती रकमेपर्यंत. आजारपण आणि अपघात यांचा वेगळा उल्लेख करा, नाहीतर पहिल्याच अपघाताला तो नियम तुम्हालाच मोडावा लागेल.

प्रश्न: नाशिकला १६ कर्मचाऱ्यांचं डायग्नोस्टिक सेंटर आहे. तंत्रज्ञ ताई पहिल्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांची रजा मागतायत. त्यांना न दुखवता तीन महिन्यांवर समजूत कशी काढावी?

काढू नये. इथे नाकारायचा अधिकारच तुमच्याकडे नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ पासून कायद्यानेच आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. या काळात नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. 'समजूत' काढून घेतलेली सहीसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही. परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजायला सुट्टी, तीही द्यायची.

त्या २६ आठवड्यांनंतर आणखी चार महिने बिनपगारी मागितले तर तो मात्र तुमच्या निर्णयाचा भाग. रजेवर जाण्याआधीच तुमचं त्याबाबत धोरण काय आहे ते त्यांना सांगा. आत्ता 'बघू' म्हणून ठेवलंत तर त्या घरी पाळणाघर ठरवायचं टाळतील आणि पंचविसाव्या आठवड्यात दोघंही अडचणीत याल.

प्रश्न: 'नाही म्हणा, पण कारण सांगू नका, कारण दिलं की वाद वाढतो', असं आमचे वरिष्ठ सांगतात. हे बरोबर आहे का? (एचआर, छत्रपती संभाजीनगर)

वाद थोडा वाढतो, हे खरं. पण कारण न सांगण्याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९० मध्ये याचा फार बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. एका कंपनीने मोठी कंत्राटं गेल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगार १५ टक्के कापले. एका कारखान्यात अध्यक्षांनी सुमारे दीड तास बैठक घेतली, आकडे दाखवले, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या ठिकाणी साधारण पंधरा मिनिटांत निर्णय सांगून बैठक संपवली. कपात दोन्हीकडे सारखीच होती. त्या दहा आठवड्यांत कारखान्यातल्या वस्तूंची चोरी दोन्हीकडे वाढली, पण थोडक्यात उरकलेल्या कारखान्यात ती कितीतरी जास्त वाढली, आणि नोकरी सोडणारेही तिथेच जास्त निघाले. पगार पूर्ववत झाल्यावर चोरीही खाली आली.

कारण द्या, पण एकच, जे खरं आणि सर्वांत जड आहे ते. चार कारणं दिली की समोरचा त्यातलं सगळ्यात लेचंपेचं उचलतो आणि ते खोडून काढतो. मग उरलेली तीन खरी असूनही सबबी वाटतात. वाद तुमच्या वरिष्ठांना दिसतो तो बहुतेकदा या चार कारणांमुळे.

दुसऱ्याचा पगार, आजार, राजीनाम्याची कुजबुज ही कारणं खरी असली तरी सांगता येत नाहीत. तेव्हा दुसरं कारण बनवू नका. 'यामागे एक गोष्ट आहे, ती दुसऱ्या कोणाची असल्याने मी सांगू शकत नाही. तुमच्या कामाशी तिचा संबंध नाही' एवढं पुरतं. हे वाक्य वर्षातून एखाद्या वेळीच वापरा, नाहीतर तेही सबब होतं.

प्रश्न: साताऱ्यात पतसंस्थेची शाखा सांभाळतो. आईच्या आजारपणामुळे एका लिपिकाने गावाजवळच्या शाखेत बदली मागितली होती. मी शिफारस केली, मुख्य कार्यालयाने नाकारली. निर्णय माझा नाही, पण सांगायचं मला. 'मी तर पाठवलं होतं' असं सांगू का?

शिफारस केली हे सांगा, कारण ते खरं आहे. 'वरच्यांना माणुसकी नाही' हे सांगू नका. त्याने तुम्ही क्षणभर चांगले ठरता, पण पुढची प्रत्येक मागणी घेऊन तो तुमच्याकडे का येईल? ज्याचं वर काही चालत नाही असा शाखाधिकारी त्यालाही उपयोगाचा नाही.

सांगायच्या आधी मुख्य कार्यालयाला फोन करून तीन प्रश्न विचारा. नकाराचं नेमकं कारण काय, तिथे जागा नाही की इथे बदली माणूस नाही? परिस्थिती काय बदलली तर पुन्हा विचार होईल? आणि पुन्हा अर्ज कधी करायचा? या उत्तरांशिवाय नुसतं पत्र हातात ठेवलंत तर तुम्ही टपाल पोचवलं, एवढंच होईल. पण या चौकशीला एका दिवसापेक्षा जास्त लावू नका. संस्थेत बातमी तुमच्याआधी पोचते, आणि दुसऱ्याकडून कळलेला नकार दुप्पट लागतो.

सांगताना आईच्या तब्येतीची चौकशी आधी करा, पण तिच्या आड लपू नका. मग तुमच्या अधिकारात काय बसतं ते बघा. दवाखान्याच्या दिवशी लवकर सोडणं, शनिवारची कॅशची पाळी बदलून देणं, महिन्यातून एक ठरलेला दिवस रजा. त्यातलं एखादं तरी त्याच बैठकीत, तारीख-वारासह मंजूर करा. ते इतर लिपिकांवर पडणार असेल तर त्यांच्याशी आधी बोला. एकाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या अंगावर न विचारता टाकली की तुम्ही एका विश्वासाच्या बदल्यात दुसरा घालवता.

प्रश्न: नागपूरला अकाउंट्स विभाग बघते. एका सहकाऱ्याला आठवड्यातून तीन दिवस घरून काम हवंय. मला ते जमणारं वाटत नाही, पण 'विश्वास नाही का माझ्यावर?' असं तो विचारतो. काय उत्तर देऊ?

माणसाबद्दल बोलू नका, कामाची यादी काढा. बँक मेळ, जीएसटी रिटर्नची तयारी, एमआयएस (व्यवस्थापनासाठीचे अहवाल) घरून होतं. व्हाउचरला मूळ बिलं जोडणं, चेकवर सह्या घेणं, ऑडिटरसमोर फायली ठेवणं होत नाही. त्याच्या आठवड्यातल्या कामाचे तास दोघांनी मिळून या दोन रकान्यांत टाका. घरून होणारं काम ९ तासांचं भरलं तर उत्तर एक दिवस, तीन नाही. महिन्याच्या ७ ते २० तारखांत, टीडीएस आणि जीएसटीच्या गर्दीत, तोही नाही.

एक दिवस द्यायचा ठरलं तर सहा आठवडे चालवून बघा, आणि कशावरून ठरवायचं ते आधी लिहा: बँक मेळ किती दिवस मागे राहिला, त्या दिवशी इतरांना किती वेळा त्याची कामं उचलावी लागली. पण मनातून नकारच पक्का असेल तर 'ट्रायल' देऊ नका. सहा आठवडे त्याने जीव तोडून काम करायचं आणि उत्तर आधीच ठरलेलं, हे लपून राहत नाही. त्यानंतर 'विश्वास नाही का?' हे तो तुम्हाला विचारणार नाही, बाकीच्या टीमला सांगेल.

नकार दिल्यावरच्या दोन आठवड्यांत त्याला टाळू नका. पुष्कळ जण संकोचाने तसं करतात, डबा वेगळ्या वेळी खातात, काम ईमेलवर पाठवतात. समोरच्याला ते रागाचं लक्षण वाटतं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जाऊन एमआयएस मागा. आणि तीन-चार महिन्यांनी व्हाउचर स्कॅन होऊन सिस्टीमवर यायला लागले, म्हणजे तुमचं कारणच संपलं, तर त्याने पुन्हा विचारायची वाट बघू नका. ती दोन रकान्यांची यादी काढून तुम्हीच त्याच्या टेबलाशी जा.